अज्ञान, पालनकर्ती आई

गेल्या दिवाळीत घराची आवराआवर करीत असताना वडिलांच्या ट्रंकेच्या तळाशी एक जुने दप्तर सापडले. आमचे घराणे मूळचे साताऱ्याकडील. वडील तरुणपणी नोकरीनिमित्त इकडे आले आणि इकडचेच होऊन राहिले. त्यामुळे गावाकडच्या जमिनीशी आमचा संबंध आता या दप्तरातील पिवळ्या पडलेल्या कागदांपुरताच उरला आहे. त्यांत सातबाराचा एक उतारा होता, १९५८ सालचा. आजोळकडून वडिलांच्या नावे झालेल्या दोन एकरांच्या तुकड्याचा तो उतारा. वडिलांच्या नावापुढे तलाठ्याने वळणदार अक्षरांत लिहिले होते, ‘अज्ञान, पा. क. आई’. पा. क. म्हणजे पालनकर्ती.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिने तो कागद हातात घेतला, वाचला आणि विचारले, “बाबा, आजोबा त्या साली मॅट्रिक झाले होते ना? मग अज्ञान कसे?” कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे अठरा वर्षे पुरी न झालेला, असे मी तिला सांगितले. तिचे समाधान झाले नाही. “म्हणजे मीही अज्ञानच,” असे म्हणून तिने कागद खाली ठेवला.

त्या उताऱ्यामागची हकीकत मी लहानपणी आजीच्या तोंडून अनेकदा ऐकली होती. आत्याचे लग्न ठरत होते. आजोबा पूर्वीच वारलेले. घरात रोकड नव्हती. तेव्हा आजीने तो दोन एकरांचा तुकडा विकावयाचे ठरविले. गिऱ्हाईकही मिळाले. परंतु वकिलाने सांगितले की, दोनच वर्षांपूर्वी नवा कायदा झाला आहे. अज्ञानाची स्थावर मिळकत विकावयाची तर न्यायालयाची आगाऊ परवानगी पाहिजे, आणि बहिणीचे लग्न हे त्या अज्ञानाच्या हिताचे कारण आहे असे न्यायालय मानील, असे काही दिसत नाही. आजी संतापली. “पोर माझे, आणि त्याचे हित मला कोर्टाने शिकवायचे?” हे आपले उद्गार ती म्हातारपणीही त्याच त्वेषाने सांगत असे.

आजीचा तो संताप आणि तिच्या पणतीची ही नाराजी या दोहोंच्या मागे एकच प्रश्न आहे. वयात येणाऱ्या मुलाचे हित कोणी ठरवावयाचे? आईबापांनी, सरकारने, की त्या मुलाने स्वतः? गेल्या दोन शतकांत आपल्या देशातील कायद्याने या प्रश्नाची जी उत्तरे दिली, त्यांचा क्रम मोठा बोधप्रद आहे. कायद्याने प्रथम मुलाची मिळकत पाहिली, नंतर त्याचे शरीर पाहिले आणि सर्वांत शेवटी, तेही बिचकत बिचकत, त्याचे मन पाहिले. हा क्रम कसा घडला, ते येथे सांगावयाचे आहे.

वयाची रेषा इंग्रजांनी प्रथम ओढली असे मात्र नव्हे. नारदस्मृतीत आठ वर्षांपर्यंतचे मूल गर्भस्थ जीवासारखेच मानले आहे आणि सोळाव्या वर्षापर्यंत त्याला ‘बाल’ किंवा ‘पोगंड’ म्हटले आहे. कौटिल्याने स्त्रीला बाराव्या आणि पुरुषाला सोळाव्या वर्षी ‘प्राप्तव्यवहार’ ठरविले. म्हणजे देण्याघेण्याच्या व्यवहारात त्यांचा शब्द त्यांचा स्वतःचा मानला जाई. अज्ञान वारसाची मिळकत तो गुरुगृहातून परत येईपर्यंत अथवा त्याचे बालपण सरेपर्यंत राजाने राखावी, असे मनूने सांगितले आहे. पुढे टीकाकारांत मतभेद झाले. बंगालकडे पंधरा वर्षे पुरी झाली की मुलगा सज्ञान होई, तर इतर प्रांतांत सोळा पुरी व्हावी लागत. मुसलमानी कायद्यात वयात येणे हीच खूण होती, आणि अन्य पुरावा नसेल तेथे ती पंधराव्या वर्षी पटली असे धरीत. ही सर्व शास्त्रे एका बाबतीत सारखीच होती. मुलगा पंधरासोळा वर्षांचा झाला की त्याला पुरता माणूस समजावयाचे, हा त्यांचा सामान्य नियम होता.

कंपनी सरकारला हे वय परवडण्यासारखे नव्हते. १७९३ साली बंगालमध्ये कायमधाऱ्याची पद्धत सुरू झाली आणि जमीनदाराने ठरल्या तारखेस सारा भरला नाही तर त्याची जमीन लिलावात निघू लागली. सोळा वर्षांचा जमीनदार, त्याच्या भोवती जमलेले कारभारी आणि सावकार, आणि थकलेला सारा, हे चित्र सरकारी खजिन्याला भीतिदायक होते. म्हणून त्याच साली कंपनीने अज्ञान जमीनदारांच्या मिळकतींसाठी कोर्ट ऑफ वॉर्ड्सची व्यवस्था केली आणि अशा जमीनदारांचे अज्ञानत्व अठराव्या वर्षापर्यंत लांबविले. आज आपण ज्या अठरा वर्षांना निसर्गनियमाप्रमाणे मान देतो, त्यांचा या देशातील उगम हा असा आहे. त्यात मुलाविषयीची माया थोडी आणि साऱ्याविषयीची काळजी फार होती.

पुढे १८५८ साली बंगालसाठी आणि १८६४ साली मुंबई इलाख्यासाठी अज्ञानांच्या मिळकतीविषयी कायदे झाले. १८७२ च्या कराराच्या कायद्याने करार करण्यास सज्ञानत्व ही आवश्यक गोष्ट ठरविली. आणि मार्च १८७५ मध्ये ‘इंडियन मेजॉरिटी ॲक्ट’ संमत होऊन हिंदुस्थानात राहणाऱ्या सर्व धर्मांच्या माणसांसाठी अठरा ही एकच रेषा मुक्रर झाली. न्यायालयाने पालक नेमला असेल किंवा मिळकत कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे असेल तर मात्र ही रेषा एकवीस वर्षांपर्यंत पुढे जाई. हा भेद १९९९ साली रद्द होईपर्यंत, म्हणजे एकशे चोवीस वर्षे, टिकून राहिला.

या कायद्याचे सामर्थ्य कलकत्त्याच्या एका खटल्यात दिसून आले. धर्मदास घोष नावाच्या एका मुलाच्या मालकीची घरे होती आणि त्याची आई न्यायालयाने नेमलेली त्याची पालक होती. जुलै १८९५ मध्ये ब्रह्म दत्त या सावकाराने ती घरे वीस हजार रुपयांच्या कर्जापोटी गहाण लिहून घेतली. हा मुलगा अज्ञान आहे असे आईच्या वकिलाने सावकाराच्या माणसाला आधीच लेखी कळविले होते. तरीही आपण सज्ञान झालो आहोत असे मुलाकडून लिहून घेऊन गहाणखत पुरे करण्यात आले. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. तोवर सावकार निवर्तला होता आणि त्याच्या मागे मोहोरी बीबी वाद चालवीत होती. १९०३ साली निकाल लागला की, अज्ञानाने केलेला करार नुसता मोडता येण्याजोगा नव्हे, तर तो मुळातच करार नव्हे. कायद्याच्या विद्यार्थ्याला आजही हा निकाल पहिल्याच वर्षी वाचावा लागतो.

मिळकतीच्या बाबतीत बापाच्या बाजूनेही एक गाठ सोडवावी लागली. पुत्राने बापाचे कर्ज फेडलेच पाहिजे, नाही तर पित्याला सद्गती नाही, ही आपली जुनी श्रद्धा. मुंबई इलाख्यात तिला कायद्याचे असे कठोर रूप आले होते की, बापाने एक पैसाही मागे ठेवला नसला तरी त्याचे कर्ज मुलाच्या मानेवर बसे. १८६६ साली मुंबईच्या कायद्याने ही जबाबदारी वारशाने मिळालेल्या मिळकतीपुरती मर्यादित केली. पुत्रधर्म म्हणून कर्ज फेडण्याचे बंधन मात्र वडिलार्जित मिळकतीच्या बाबतीत चालू राहिले आणि २००५ साली झालेल्या कर्जांपासून पुढे ते उठले. आपल्या कथापुराणांत मुलांच्या ऋणांविषयी पुष्कळ सांगितले आहे; बापाच्या ऋणातून मुलाला सोडविण्यास कायद्याला इतकी वर्षे लागली.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. १८७५ च्या कायद्याने अठराची रेषा ओढली खरी, पण त्याच कायद्यात एक अपवाद लिहून ठेवला होता. विवाह, मेहेर, घटस्फोट आणि दत्तक या बाबतींत या कायद्याचा काही संबंध नाही, असा तो अपवाद. सरकारला धर्मात हात घालावयाचा नव्हता. परिणाम असा झाला की, सतरा वर्षांच्या मुलाला शंभर रुपयांचे कर्जरोखे लिहून देता येत नव्हते. पण अकरा वर्षांच्या मुलीचा सारा जन्म एका मुहूर्तावर लिहून दिला जात होता, आणि तोही तिच्या हातून नव्हे. घराच्या विटांना जे संरक्षण मिळाले, ते घरातील मुलीला मिळाले नाही.

ही विसंगती पहिल्याने कोर्टात उभी राहिली ती मुंबईत, रखमाबाईंच्या रूपाने. रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला होता. त्या आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या, शिकल्या, आणि वयात आल्यावर नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. १८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात फिर्याद दाखल केली. असहाय बालपणी जिचा विवाह लावून दिला, तिला तिच्या इच्छेविरुद्ध आता नवऱ्याच्या घरी धाडण्याचा हुकूम मी देणार नाही, अशा आशयाचा निकाल न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, रखमाबाईंनी महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास भोगावा. आपण तुरुंग पत्करू, असे रखमाबाईंनी कळविले. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची बजावणी सोडून दिली. रखमाबाई विलायतेस गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथील स्त्रियांची त्यांनी आयुष्यभर सेवा केली.

या खटल्यात रखमाबाईंचे म्हणणे काय होते, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. नवरा वाईट आहे एवढेच त्यांना म्हणावयाचे नव्हते. ज्या गोष्टीला मी संमती दिली नाही, कारण संमती देण्याचे माझे वयच नव्हते, ती गोष्ट मला कशी बांधू शकते, हा त्यांचा प्रश्न होता. धर्मदास घोषाच्या घरांच्या बाबतीत हेच तत्त्व पुढे प्रिव्ही कौन्सिलने शिरोधार्य मानले. रखमाबाईंच्या बाबतीत ते मानले गेले नाही.

१८९० मध्ये बंगालमधील फुलमणी या दहाअकरा वर्षांच्या मुलीचा पतीच्या बळजोरीने मृत्यू झाला आणि त्याला केवळ एका वर्षाची शिक्षा झाली. कारण १८६० च्या दंडसंहितेने संमतीचे वय दहा ठरविले होते. देश हादरला. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन ते वय बारा झाले. पुण्यात या कायद्यावरून उठलेले वादळ मराठी वाचकाला ठाऊक आहे. परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, हा लोकमान्य टिळकांचा पक्ष. शास्त्रांचा अर्थ लावून डॉ. भांडारकरांनी सुधारणेला दिलेला आधार, हा दुसरा. दोन्ही पक्षांत विद्वत्ता होती, कळकळ होती. परंतु आज तो वाद वाचताना एक गोष्ट मनाला लागते. धर्म कोणाचा, घर कोणाचे आणि राज्य कोणाचे याविषयी शेकडो पाने लिहिली गेली. ज्या मुलींविषयी हा वाद चालला होता, त्यांचा आवाज मात्र त्यात फार थोड्या ठिकाणी ऐकू येतो.

परक्या सरकारचा अडथळा नसलेल्या एका संस्थानिकाने पुढचे पाऊल टाकले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा केला आणि मुलीचे किमान वय बारा व मुलाचे सोळा ठरविले. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा होण्यास आणखी पंचवीस वर्षे जावी लागली. १९२८ साली नेमलेल्या संमतिवयाच्या चौकशी समितीचे अध्यक्ष सर मोरोपंत जोशी हे आपल्या अमरावतीचे. आणि १९२९ साली केंद्रीय कायदेमंडळात संमत झालेला कायदा अजमेरच्या हरविलास सारडा यांचा. मराठी माणसाने त्याला ‘शारदा कायदा’ म्हटले, आणि देवलांच्या नाटकातील शारदा आठवून तो शब्द आपल्या मनात घट्ट बसला. मुलीचे वय चौदा, मुलाचे अठरा. या कायद्यातील खरी नवी गोष्ट वयाची नव्हती. ती होती आईबापांच्या शिक्षेची. बालविवाह लावून देणाऱ्या पालकाला महिनाभर साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अशी ती तरतूद. मुलीचे लग्न लावून देणे हा आजवर बापाचा हक्क होता, किंबहुना पुण्य होते; प्रथमच तो गुन्हा होऊ शकतो असे लिहिले गेले. १ एप्रिल १९३० पासून कायदा अमलात यावयाचा होता. तोवरच्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची जी झुंबड उडाली, तिची नोंद १९३१ च्या खानेसुमारीने घेतली आहे. आणि झालेले लग्न मात्र कायद्याने अबाधित ठेवले होते. बापाला दंड होई, मुलगी बांधलेलीच राही. हे वय पुढे १९७८ साली मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस असे झाले. बालपणी झालेले लग्न आपल्या इच्छेने रद्द करून घेण्याचा हक्क त्या मुलाला किंवा मुलीला मिळाला तो २००६ च्या कायद्याने, आणि तोही सज्ञान झाल्यानंतर दोनच वर्षांपर्यंत. फॅरनसाहेबांच्या हुकुमानंतर एकोणीस आणि शंभर वर्षांनी रखमाबाईंच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात लिहिले गेले.

लग्नाप्रमाणेच मुलाच्या श्रमावरही बापाची सत्ता होती. १८५० च्या उमेदवारीच्या कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना कारागिराकडे करारान्वये बांधून देता येत असे. हेतू चांगला होता. अनाथ व गरीब मुलांना धंद्याचे शिक्षण मिळावे हा. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. यावरून आधीची स्थिती काय असेल याची कल्पना करावी. परंतु खरी दुखरी जागा निराळीच होती. कर्जाऊ रक्कम घेऊन बाप आपल्या मुलाचे श्रमच गहाण टाकीत. शेत गहाण टाकावे, भांडे गहाण टाकावे, तसे मूल. कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात याकडे लक्ष वेधले आणि १९३३ साली एक लहानसाच कायदा झाला. पंधरा वर्षांखालील मुलाचे श्रम गहाण टाकणारा करार रद्दबातल. तो करणाऱ्या आईबापांना पन्नास रुपयांपर्यंत, आणि करवून घेणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड. दंडाच्या या दोन आकड्यांत एक प्रकारचा न्याय आहे. दारिद्र्याने अगतिक झालेल्या बापाचा अपराध सावकाराच्या अपराधाइतका नाही, हे कायद्याने ओळखले होते.

मुलाला कामावरून काढले तर त्याला पाठवावयाचे कोठे? येथेही बडोद्याचेच उदाहरण पुढे येते. १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होऊ लागला. नामदार गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात आपले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले ते हाच आदर्श डोळ्यांपुढे ठेवून. ते अगदी मर्यादित होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरते, आणि तेही स्थानिक संस्थांची इच्छा असेल तेथे. मार्च १९१२ मध्ये ते अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. आईबापांच्या कर्तव्याची नोंद राज्यघटनेतच झाली ती २००२ साली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी मिळवून देणे हे आईबापांचे किंवा पालकांचे मूलभूत कर्तव्य, असे तेथे आता लिहिलेले आहे. गोखल्यांच्या पराभवाला तोवर नव्वद वर्षे झाली होती.

मिळकत आणि शरीर यांची ही कथा झाली. मुलाच्या मनाची कथा याहून निराळी आहे, आणि ती अद्याप पुरी व्हावयाची आहे. १८९० च्या ‘पालक आणि पाल्य’ कायद्यात एक साधे वाक्य आहे. पालक नेमताना, अज्ञान विचारपूर्वक पसंती सांगण्याइतका मोठा असेल तर न्यायालयाने त्याची पसंती विचारात घेतली तरी चालेल, असे त्याचे तात्पर्य. ‘घेतलीच पाहिजे’ असे नव्हे, ‘घेतली तरी चालेल’. तरीही मुलाला मत असू शकते ही कबुली त्यात होती.

या कबुलीची कसोटी मद्रासेत लागली. अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत काम करणारे जी. नारायणय्या यांनी मार्च १९१० मध्ये कृष्णमूर्ती आणि नित्यानंद या आपल्या दोन मुलांचे पालकत्व लेखी पत्राने डॉ. ॲनी बेझंट यांच्या स्वाधीन केले. बाईंनी मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला नेले. पुढे बापाचे मन बदलले आणि १९१२ साली त्याने मुले परत मागितली. बेझंटबाईंनी स्वतःच आपली बाजू कोर्टात मांडली. एप्रिल १९१३ मध्ये मद्रास हायकोर्टाने बापाच्या बाजूने निकाल दिला. अपिलातही मुले परत करण्याचा हुकूम कायम राहिला. कृष्णमूर्ती त्या वेळी अठरा वर्षांच्या उंबरठ्यावर होते. १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने हा निकाल उलटविला. त्या निकालात अधिकारक्षेत्राची काही तांत्रिक कारणे आहेत. परंतु दोन विचार कायमच्या महत्त्वाचे आहेत. पालकत्व हे विश्वस्तपद आहे, ते बापाला कायमचे दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही, हा पहिला. आणि ज्या मुलांच्या आयुष्याचा निवाडा करावयाचा, त्यांची बाजू मांडणारे कोणी कोर्टात नव्हते, त्यांची इच्छा कोणी जाणून घेतली नव्हती, हा दुसरा. बाप म्हणत होता मुले माझी, बाई म्हणत होत्या मला दिलेली. या दोघांच्या भांडणात मुलांना विचारावयाचे राहून गेले, हे सातासमुद्रांपलीकडच्या न्यायाधीशांच्या ध्यानात आले.

फौजदारी कायद्यात तर मुलाचे मन जमेसच धरलेले नव्हते. कायदेशीर पालकाच्या ताब्यातून अज्ञानाला पळविणे हा १८६० च्या दंडसंहितेत गुन्हा. मुलगा चौदाच्या आतील किंवा मुलगी सोळाच्या आतील असली की तो लागू होई. १९४९ साली ही वये सोळा आणि अठरा झाली. या गुन्ह्यात मुलीच्या संमतीला किंमत नाही. संमती पाहिजे ती पालकाची. परंतु १९६४ साली मद्रासकडचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कॉलेजात शिकणारी, अठरा पुरी होण्यास महिना दीड महिनाच उरलेली एक मुलगी आपण होऊन टेलिफोन करून तरुणाला भेटली, त्याच्याबरोबर गेली आणि दोघांनी विवाहाचा करार नोंदविला. बापाने फिर्याद केली. तरुणाला शिक्षा झाली. न्यायमूर्ती मुधोळकर यांनी लिहिलेल्या निकालाने ती रद्द झाली. मुलीला ‘नेणे’ वेगळे आणि स्वतःच्या विचाराने निघालेल्या मुलीला ‘बरोबर येऊ देणे’ वेगळे, असा सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद त्यांनी केला. आपण काय करीत आहोत हे त्या मुलीला पुरते कळत होते, ही गोष्ट त्या निकालाचा गाभा आहे. अठराची रेषा पुसली गेली नाही. पण रेषेच्या अलीकडेही एक विचार करणारा जीव उभा असतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केले.

माझ्या आजीला ज्याने अडविले, तो १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा याच प्रवासातील एक टप्पा होता. अज्ञानाचे हित हाच सर्वोच्च विचार, असे त्याने स्पष्ट लिहिले. आणि बाप असो वा आई, न्यायालयाच्या परवानगीवाचून मुलाची जमीन विकण्यास मनाई केली. त्याच कायद्याने नैसर्गिक पालक प्रथम बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई, असेही म्हटले होते. ‘नंतर’ म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, तो पालकत्व करीत नसेल तेव्हाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या प्रकरणात लावला. आईच्या पालकत्वालाही अशी चाळीस वर्षांवर वाट पाहावी लागली.

गेल्या काही वर्षांत रेषा पुन्हा हलू लागल्या आहेत, आणि त्यांची दिशा एक नाही. १९८९ साली मताधिकाराचे वय एकविसावरून अठरा झाले. १९९२ साली भारताने बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. मुलाला आपले मत सांगण्याचा हक्क आहे, असे त्यात स्पष्ट आहे. उलट २०१२ च्या कायद्याने संमतीचे वय सोळावरून अठरा केले. मुलांवरील अत्याचार थांबविण्यास असा कठोर कायदा आवश्यकच होता. परंतु सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या पसंतीने कोणाचा हात धरला तर तोच कायदा रागावलेल्या बापाच्या हातातील शस्त्र होतो, अशी खंत अनेक उच्च न्यायालयांनी व्यक्त केली आहे. २०१५ च्या कायद्याने घोर अपराधाच्या बाबतीत सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला प्रौढाप्रमाणे न्यायालयापुढे उभे करण्याची वाट मोकळी केली. आणि २०१९ पासून अज्ञान मुलाने मोटार चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे अपराध करताना सोळा वर्षांचा मुलगा मोठा ठरू शकतो, पण जीव लावताना तो लहानच ठरतो. आणि गाडीची किल्ली त्याच्या हाती गेली तर जाब बापाने द्यावयाचा. या विसंगतीला हसता येईल. परंतु अठरापर्यंतची वर्षे ही एका रेषेने तोडण्यासारखी वस्तू नव्हे, हेच तिच्यातून पुन्हा पुन्हा दिसते.

या साऱ्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे आजीच्या प्रश्नाला उत्तर देता येते. पोर तिचे होते, यात शंका नाही. पण ते तिच्या मालकीचे नव्हते. दोन शतकांत आईबापांचे जे जे हक्क कायद्याने कमी केले, त्यांपैकी बहुतेक सर्व कर्तव्ये होऊन त्यांच्याकडेच परत आले आहेत. लग्न लावण्याचा हक्क गेला, लग्न न लावण्याचे कर्तव्य आले. श्रम गहाण टाकण्याचा हक्क गेला, शाळेत घालण्याचे कर्तव्य आले. हे परिवर्तन मोठे आहे आणि त्याचा अभिमान वाटावयास हरकत नाही. परंतु पणतीच्या नाराजीला उत्तर देणे कठीण आहे. संरक्षण करणाऱ्याने संरक्षिताला विचारावे की नाही, आणि विचारल्यावर त्याचे ऐकावे की नाही, हे कायद्याने अजून अर्धेच सांगितले आहे.

उताऱ्याची हकीकत पुरी सांगावयाची राहिली. दप्तरात त्याच्या खालीच १९५९ सालचे एक खरेदीखत होते. वडिलांना अठरा पुरी झाल्यावर तीनच आठवड्यांनी ते लिहिलेले आहे. त्या दोन एकरांचा तुकडा त्यांनी स्वतःच्या सहीने विकला आणि आत्याचे लग्न लावून दिले. मग रिकाम्या हातांनी ते या परप्रांतात नोकरी शोधावयास आले. कायद्याने वर्षभर राखलेली जमीन सज्ञान होताच त्यांनी आपण होऊन देऊन टाकली. त्यांचे हित कशात होते, हे मला ठरविता येत नाही. आत्या मात्र दर भाऊबीजेला आमच्याकडे येत असे, आणि ओवाळताना तिचे डोळे भरून येत.

मुलीने ते खरेदीखत वाचले. सतराव्या वर्षी विचारले असते तरी आजोबांनी हेच सांगितले असते, असे ती म्हणाली. मलाही तसेच वाटते. परंतु १९५८ साली त्यांना कोणी विचारले होते काय, हे त्या दप्तरातील एकाही कागदावरून कळत नाही.